‘लवकरच सुरू होत आहे’ : चार्जिंग केंद्रांची प्रतीक्षा आणि जबाबदारीचा प्रश्न

महामार्गालगतच्या पेट्रोल पंपाच्या एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीची एक पेटी उभी असते. तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढविलेले असते, जाड केबल गुंडाळून दोरीने बांधलेली असते आणि शेजारी ‘चार्जिंग केंद्र लवकरच सुरू होत आहे’ असा फलक असतो. पहिल्या महिन्यात फलक नवा कोरा दिसतो. एक पावसाळा उलटला की त्याचा रंग उडू लागतो आणि पेटीवरील आवरण फाटते. पेटीत वीज मात्र आलेली नसते. विजेवर चालणारी टॅक्सी कर्ज काढून घेतलेला चालक त्या रस्त्याने जाताना चौकशी करतो. एकदा त्याला ‘मीटर यायचा आहे’ असे सांगण्यात येते, पुढच्या फेरीला ‘ट्रान्सफॉर्मर यायचा आहे’, त्यापुढच्या फेरीला ‘तपासणी व्हायची आहे’. पंपावरील कामगाराला यापेक्षा अधिक काही ठाऊक नसते, कारण ती पेटी कोणाच्या ताब्यात आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे चित्र एखाद्या विशिष्ट गावाचे नाही. देशाच्या सर्व भागांत, थोड्याफार फरकाने, ते पाहावयास मिळते. ही केवळ कारभारातील ढिलाई आहे, कालांतराने ती दूर होईल, असे समजून या प्रश्नाकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती पुरोगामी वर्तुळांतही आहे. परंतु पेटी उभी आहे आणि वीज नाही, अनुदान दिले गेले आहे आणि सेवा नाही, या विसंगतीच्या मुळाशी एक निश्चित धोरण आहे. ते धोरण असे की, वीज ही नागरिकाला हक्काने मिळावयाची गोष्ट नसून गिऱ्हाइकाला परवडेल तेथे विकावयाची गोष्ट आहे. चार्जिंग केंद्राच्या दारात ताटकळणाऱ्या माणसाला या धोरणाची किंमत रोजच्या मिळकतीतून मोजावी लागत आहे.

मंजूर, उभारलेले आणि चालू

केंद्र सरकारने १ एप्रिल २०१९ पासून ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. १०,००० कोटी रुपयांच्या या योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी १,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले होते. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे योजनेची चार वर्षे संपत आल्यावर, सार्वजनिक क्षेत्रातील तीन तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रे उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर करण्यात आले. त्यांपैकी ५६० कोटींचा पहिला हप्ता लगोलग देण्यात आला आणि मार्च २०२४ पर्यंत काम पुरे होईल असे सांगण्यात आले. मार्च २०२४ उलटला, योजनेचीही मुदत संपली. त्यानंतर संसदेत या केंद्रांसंबंधी माहिती देताना सरकारला ‘मंजूर’, ‘उभारलेली’ आणि ‘वीज पोहोचून चालू झालेली’ अशी वेगवेगळी वर्गवारी करावी लागली. मंजूर आणि चालू या दोन शब्दांमधील अंतरात किती टॅक्सीचालक आणि रिक्षाचालक उभे आहेत, याची गणती मात्र कोणत्याही खात्यात होत नाही.

हे अंतर कशामुळे पडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. जलद चार्जिंगच्या ६० किलोवॅटच्या एका यंत्राचा भार हा प्रत्येकी ३ किलोवॅट मंजूर भार असलेल्या वीस घरांच्या भाराइतका असतो. अशी दोन-तीन यंत्रे एका ठिकाणी बसवावयाची झाल्यास साध्या घरगुती वाहिनीवर ते शक्य होत नाही. उच्चदाब वाहिनीवरून जोडणी घ्यावी लागते, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, रस्ता खोदून केबल टाकण्यासाठी स्थानिक संस्थेची परवानगी काढावी लागते, मीटर घ्यावा लागतो आणि अखेरीस विद्युत सुरक्षेची तपासणी होऊन दाखला मिळावा लागतो. पेटी उभारणे हे यांतील सर्वांत सोपे काम होय. तिचे छायाचित्र काढता येते; जमिनीखालच्या केबलचे काढता येत नाही.

कागदावर मुदती नाहीत असे नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महानगरांमध्ये ७ दिवस, इतर नागरी भागांत १५ दिवस आणि ग्रामीण भागांत ३० दिवस अशी जोडणीची मुदत घालून देण्यात आली होती. २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन नव्या जोडणीच्या मुदती अनुक्रमे ३, ७ आणि १५ दिवसांवर आणण्यात आल्या. परंतु जेथे वाहिनीच वाढवावी लागते, नवा ट्रान्सफॉर्मर लागतो, तेथे या दिवसांची गणना कोठून सुरू करावयाची हाच वादाचा विषय होतो. आणि ज्या वीज कंपनीतील कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या जातात, ज्या कंपनीची वाहिनीवरची धोक्याची कामे कंत्राटी कामगारांकडून करून घेतली जातात, तिला कागदावर ३ दिवसांची मुदत घालून देणे म्हणजे आपल्या अंगावरची जबाबदारी खांबावर चढलेल्या कामगाराच्या अंगावर ढकलणे होय.

वाट पाहणारा कोण आहे ?

‘विजेच्या मोटारी हा श्रीमंतांचा विषय आहे, त्यांना चार्जिंग मिळो अथवा न मिळो, श्रमिकांच्या पक्षाला त्याचे काय?’ असा प्रश्न काही साथी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु वस्तुस्थितीला धरून नाही. २०२४ या वर्षात देशात विजेवर चालणारी सुमारे १९ लाख वाहने नोंदली गेली. त्यांत मोटारींची संख्या सुमारे १ लाख होती. उरलेली बहुतेक सर्व वाहने दुचाकी आणि तीनचाकी होती. दुचाकीस्वारांमध्ये घरोघरी जेवण आणि सामान पोहोचविणाऱ्या, कोणत्याही कायद्याने पुरेसे संरक्षण न मिळालेल्या तरुणांचा भरणा मोठा आहे. उत्तर भारतातील आणि बंगालमधील शहरांत ई-रिक्षा हे लाखो कुटुंबांचे पोट भरण्याचे साधन झाले आहे.

श्रीमंताच्या मोटारीला सार्वजनिक केंद्राची गरज क्वचितच पडते. त्याच्या बंगल्यात किंवा इमारतीत स्वतःची राखीव जागा असते. तेथे रात्री मोटार जोडून ठेवली की सकाळी बॅटरी भरलेली असते. लांबच्या प्रवासाला निघतानाच काय तो त्याला रस्त्यावरच्या केंद्राचा विचार करावा लागतो. याउलट चाळीत वा झोपडपट्टीत राहणाऱ्या रिक्षाचालकाजवळ गाडी उभी करावयाला जागा नसते आणि जेथे राहतो तेथील वीजजोडणी बहुधा त्याच्या नावावरही नसते. त्याला रात्रीच्या भाड्याने चार्जिंग देणाऱ्या एखाद्या गॅरेजचा आश्रय घ्यावा लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये पाच-पन्नास रिक्षा दाटीवाटीने लावलेल्या, उघड्या तारा जमिनीवरून नेलेल्या, अशी ही ठिकाणे असतात. विजेच्या धक्क्याने आणि आगीने तेथे माणसे मेल्याच्या बातम्या वारंवार येतात, दोन दिवस चर्चा होते आणि सारे पूर्ववत चालू राहते. ज्याला सार्वजनिक केंद्राची खरी निकड आहे, तो हा माणूस होय. त्याच्या वस्तीत मात्र ‘लवकरच सुरू होत आहे’ असा फलकही लागलेला नसतो.

कराच्या बाबतीतही हाच न्याय दिसून येतो. विजेची मोटार विकत घेणाऱ्याला ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. घरच्या मीटरवर चार्जिंग करणाऱ्याच्या वीजबिलावर हा कर नाही, कारण वीज या वस्तूला त्यातून सूट आहे. परंतु सार्वजनिक केंद्रावर तीच वीज घेतली की ती ‘सेवा’ ठरते. २०२३ मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने तिच्यावर १८ टक्के कर लागू होतो असा निर्णय दिला. ज्याला स्वतःची जागा आहे तो करमुक्त, ज्याला जागा नाही तो करपात्र. वर्गीय कररचनेचे याहून सुबोध उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

एका शब्दाचा प्रताप

‘सेवा’ हा शब्द येथे अकस्मात आलेला नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने असा खुलासा केला की, केंद्रावर वाहनाची बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती एक सेवा आहे. म्हणून त्यासाठी २००३ च्या वीज कायद्याखाली परवान्याची आवश्यकता नाही. वर्तमानपत्रांनी या खुलाशाचे स्वागत ‘परवानाराजातून मुक्तता’ अशा थाटात केले.

कोपऱ्यावरच्या प्रत्येक चार्जिंग यंत्राला वीज वितरणाचा पूर्ण परवाना घ्यावयास लावणे व्यवहार्य नव्हते, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु परवाना म्हणजे केवळ व्यवसाय करण्याची अनुमती नव्हे. त्याला जोडून काही कर्तव्येही येतात. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे वितरण परवानाधारकाने आपल्या क्षेत्रातील कोणीही मागणी केल्यास ठराविक मुदतीत वीज पुरविली पाहिजे. मागणारा गरीब आहे, त्याची वस्ती आडवळणी आहे, तेथे नफा होत नाही, या सबबी त्याला सांगता येत नाहीत. त्याचे दर नियामक आयोगापुढे सुनावणी होऊन ठरतात. त्या सुनावणीत कामगार संघटनांना आणि ग्राहकांना बोलता येते. ‘विक्री’ऐवजी ‘सेवा’ हा शब्द योजताच परवान्याबरोबर ही सर्व कर्तव्येही गळून पडली. केंद्रचालकाला वाटेल तेथे केंद्र काढावे, वाटेल तेव्हा ते बंद ठेवावे, जेथे परवडणार नाही तेथे जाऊच नये, अशी मोकळीक मिळाली. परवान्यातून सूट देताना त्याच आदेशाने केंद्रे उभारून चालू ठेवण्याचे कर्तव्य राज्यांच्या वीज वितरण कंपन्यांवर टाकता आले असते आणि त्यासाठी निधीही देता आला असता. तसे करण्यात आले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत ३ किलोमीटर लांब आणि ३ किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट घालून देण्यात आले होते. उद्दिष्ट योग्यच होते. पण एखादी चौकट रिकामी राहिली तर दोषी कोण, याचे उत्तर त्या सूचनांत नव्हते. ज्याचा कोणी कर्ता नाही अशा वाक्याला व्याकरणात काही नाव असेल. राज्यकारभारात त्याला पळवाट म्हणतात.

बाजाराचे चक्र

खाजगी भांडवल ही उणीव भरून काढील, अशी आशा दाखविली जाते. तिच्यातील फोलपणा स्पष्ट केला पाहिजे. चार्जिंग केंद्राचा खर्च मुख्यतः आरंभीच करावा लागतो : यंत्रे, जागा, उच्चदाब जोडणी. शिवाय मंजूर भारापोटी दरमहा स्थिर आकार द्यावा लागत असेल, तर एकही गाडी आली नाही तरी तो चुकत नाही. म्हणून दिवसाचे अनेक तास यंत्र वापरात राहिले तरच नफा होतो. यामुळे भांडवलदार जेथे गाड्या आधीच पुष्कळ आहेत तेथेच जातो. आणि जेथे केंद्र नाही तेथे लोक गाडी घेण्यास धजत नाहीत. केंद्र गाड्यांची वाट पाहते, गाड्या केंद्राची वाट पाहतात. हे चक्र तोडण्याची शक्ती फक्त अशा संस्थेत असते, जिला आरंभीची काही वर्षे नफ्याचा हिशेब बाजूला ठेवून नियोजन करता येते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी देशातील सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची संख्या १२,१४६ होती आणि त्यांतील ३,०७९ एकट्या महाराष्ट्रात होती. देशाच्या एका राज्यात चौथा हिस्सा केंद्रे एकवटणे हा योगायोग नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,९०० कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना मंजूर केली आणि तीत चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये दाखविले. त्या केंद्रांविषयीच्या कार्यपद्धतीच्या सूचना मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये निघाल्या. म्हणजे केंद्राची वाट पाहणाऱ्या चालकाप्रमाणे खुद्द योजनाही एक वर्ष ताटकळत राहिली.

येथे एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. तेल कंपन्या तर सार्वजनिक क्षेत्रातल्याच आहेत. मग त्यांची केंद्रे का रखडली? उत्तर असे की, मालकी सार्वजनिक असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. तेल कंपनीच्या हाती पंपाची जागा आहे, वीज नाही. वीज वितरण कंपनीच्या हाती वाहिनी आहे, पण केंद्राच्या यशापयशाशी तिचा संबंध नाही. यंत्रे निविदा काढून तिसऱ्याकडून घेतली जातात, त्यांची देखभाल चौथ्याकडे जाते, अनुदान पाचवे मंत्रालय देते. प्रत्येकाने आपापला कागद पुरा केला तरी दिवा लागत नाही. सार्वजनिक क्षेत्राला नियोजनापासून तोडून निव्वळ खरेदीदार बनविले की असेच घडते.

इतिहास काय सांगतो ?

विजेवर चालणारे वाहन ही काही आजची नवलाई नव्हे. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. ती चालविणाऱ्या कंपनीकडे वीजनिर्मिती, वीजपुरवठा आणि वाहतूक ही तिन्ही कामे होती. कंपनी ब्रिटिश भांडवलाची होती आणि तिचा हेतू नफ्याचाच होता. परंतु तार आणि गाडी एका हाताखाली असल्यामुळे तार पोहोचण्याआधी रूळ टाकून ठेवण्यात तिला काही फायदा नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला आणि मुंबईच्या कष्टकऱ्यांची बेस्ट जन्माला आली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. १९६२ मध्ये सुरू झालेली विजेची ट्रॉलीबसही १९७१ मध्ये बंद करण्यात आली आणि रस्ते डिझेल व पेट्रोलच्या स्वाधीन झाले. आज अर्धशतकानंतर विजेच्या गाड्या परत आल्या आहेत, पण २०१९ पासून बेस्टमध्ये भाडेतत्त्वाचे युग सुरू झाले आहे : आगार सार्वजनिक, गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटी. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांना वेतनासाठी काम बंद करावे लागले होते.

राज्य परिवहन महामंडळाची कथा यापेक्षा निराळी नाही. ५,१५० विजेच्या बसगाड्या पुरविण्याचा करार एका खाजगी कंपनीशी करण्यात आला. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तो रद्द करण्याचे निर्देश दिल्याचे जाहीर केले, तेव्हा आलेल्या गाड्यांची संख्या २२० होती. एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या खेडुताला या करारातील कलमांशी कर्तव्य नसते. गाडी आली नाही एवढेच त्याला कळते.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६,००० हून अधिक बसगाड्यांचा संपूर्ण ताफा विजेवर आणला. गाड्या, आगारांतील चार्जिंग आणि सरकारी अर्थसाहाय्य यांची आखणी एकत्र करण्यात आली होती. २०२४ च्या अखेरीस त्या देशातील लहानमोठ्या चार्जिंग यंत्रांची संख्या १ कोटी २८ लाखांवर गेली. त्यांपैकी सुमारे ३६ लाख सार्वजनिक होती. महामार्गांवरील जाळे विणण्यात सरकारी वीजवाहिनी महामंडळाने पुढाकार घेतला. आपल्याकडील आकडा केंद्रांचा आहे आणि हा यंत्रांचा, हा फरक ध्यानात घेऊनही दरी लपत नाही.

आपल्या देशातील उदाहरण केरळचे आहे. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारच्या काळात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, राज्य वीज मंडळाने कोळिकोड येथे रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवरच ऑटोरिक्षांसाठी चार्जिंगची सोय करण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे राज्यभर असे हजाराहून अधिक खांब सज्ज केले. ज्या खांबावर वीज आधीच आहे, तेथेच रिक्षाथांब्याजवळ चार्जिंग देण्याची ही कल्पना साधी होती; पण ती रिक्षाचालकाच्या गरजेपासून सुरू झाली होती, मोटारमालकाच्या नव्हे. पुढे त्यांतील अनेक ठिकाणी देखभालीच्या तक्रारी आल्या, हे लपविण्याचे कारण नाही. उद्‌घाटन म्हणजे कामाचा शेवट नव्हे, ती सुरुवात असते, हा धडा डाव्यांनीही घ्यावयाचा आहे.

मागणी कोणती ?

या परिस्थितीत पक्षसभासदांनी आणि जनसंघटनांनी पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. अनुदान घेतलेल्या प्रत्येक केंद्रावर ते कोणाचे आहे, किती पैसा मिळाला आणि वीज कोणत्या तारखेला येणार, हे स्थानिक भाषेत लिहिणे बंधनकारक करावे. तारीख चुकल्यास जबाबदार संस्थेकडून दंड वसूल व्हावा. शहरांतील प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र चालू ठेवण्याचे कर्तव्य राज्य वीज वितरण कंपन्यांवर कायद्याने टाकावे आणि त्यासाठी लागणारा निधी व कायम कामगार द्यावेत. पहिला अग्रक्रम बस आगारांना, रिक्षाथांब्यांना आणि श्रमिक वस्त्यांना मिळावा. सार्वजनिक केंद्रावरील वीज करमुक्त करावी आणि तिचे दर नियामक आयोगाच्या सुनावणीखाली आणावेत.

या मागण्या वितरणाच्या खाजगीकरणाविरुद्धच्या लढ्यापासून वेगळ्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कामगार समांतर परवान्याच्या विरोधात संपावर गेले, तेव्हा सरकारला पहिल्याच दिवशी माघार घेऊन आश्वासन द्यावे लागले. त्या संपात रिक्षाचालक आणि वीज कामगार खांद्याला खांदा लावून उभे राहिले असते तर त्याचा परिणाम याहून दूरवर गेला असता. हे ऐक्य घडविण्याची संधी आज प्रत्येक बंद पेटीसमोर उपलब्ध आहे. शाखांनी आपल्या भागातील अशा केंद्रांची यादी करावी, किती महिने ती झाकून ठेवली आहेत याची नोंद घ्यावी, रिक्षाचालक, टॅक्सीचालक आणि वीज कामगार यांची संयुक्त सभा त्याच जागी बोलवावी आणि शिष्टमंडळाने वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन लेखी उत्तर मागावे.

‘लवकरच’ हा शब्द राज्यकर्त्यांना फार प्रिय आहे, कारण त्याला तारीख नसते. श्रमिकाचा दिवस मात्र तारखेने मोजला जातो. कर्जाचा हप्ता, घरभाडे, मुलांच्या शाळेची फी या साऱ्यांना तारीख असते. फलकावरचा ‘लवकरच’ पुसून तेथे तारीख लिहावयास भाग पाडणे, हे लहानसे दिसणारे काम आहे. पण ज्या दिवशी संघटित लोकांच्या रेट्याने ती तारीख लिहिली जाईल आणि त्या तारखेला वीज येईल, त्या दिवशी वीज ही कोणाची, या मोठ्या प्रश्नाचे थोडे उत्तरही लोकांना मिळालेले असेल.